मुलांना घरी ठेवायचे कोणाकडे?
मुले हट्ट करतात म्हणून त्यांना खरेदीला नेऊच नये, हे लेखातील मत मला पटले नाही; मुंबईतल्या छोट्या घरात, आजी-आजोबा गावी असताना, मूल ठेवायचे तरी कोणाकडे? माझ्या चार वर्षांच्या मुलीचा आकांत बहुतेक वेळा भुकेतून किंवा झोपेतून येतो, त्यामुळे दादर स्थानकाबाहेरच्या भाजीबाजारात आम्ही संध्याकाळच्या गर्दीऐवजी सकाळी, तिची न्याहारी झाल्यावर जातो आणि लिंबे मोजून पिशवीत टाकण्याचे काम तिच्याकडे सोपवतो. सुपरमार्केटात मात्र बिलाच्या रांगेलगत चॉकलेटे नेमकी मुलांच्या नजरेच्या उंचीवर मांडलेली असतात (हा योगायोग नव्हे!), आणि तिथे नकार देऊन मग रडण्यापुढे नमते घेतले, की पुढच्या खेपेस रडणे अधिकच लांबते, हे मी दोनदा चुकून शिकले.