तिकीट काढलंत ना? मग बाळाच्या फ्लूच्या लशीची तारीखही ठरवा

मे महिन्याची विमानाची तिकिटं आपण जानेवारीतच काढून ठेवतो, नंतर भाव परवडत नाहीत म्हणून. खिडकी कुणाला, बॅगेत किती किलो, सगळं ठरतं. बाळाच्या फ्लूच्या लशीची आठवण होते ती निघायच्या आठवड्यात. मग घरोघरी तोच सूर: "आत्ता कशाला टोचताय? विमानात ताप चढला तर?"

मला विचाराल तर लशीची तारीख तिकिटाच्याच दिवशी डॉक्टरांकडून घ्यावी. कारण हिशेब उलटा करावा लागतो. बाळ पहिल्यांदाच फ्लूची लस घेत असेल तर डोस दोन, मध्ये किमान चार आठवडे. दुसऱ्या डोसनंतर शरीराला तयारी करायला साधारण दोन आठवडे. म्हणजे १ मेला उडायचं असेल तर दुसरा डोस १७ एप्रिलपर्यंत आणि पहिला २० मार्चपर्यंत व्हायला हवा. शिवाय तेव्हा बाळाला सहा महिने पूर्ण झालेले हवेत, त्याआधी ही लस देत नाहीत. पहिला डोस झाला की "झालं एकदाचं" म्हणणारे आईबाप मी वेटिंग रूममध्ये कायम बघते. पहिल्या वर्षी एका डोसने काम अर्धवटच होतं.

तापाची भीती मला कळते. पण आला तरी बहुतेकदा सौम्य असतो, एक-दोन दिवसांत उतरतो. मांडी थोडी दुखते, बाळ किरकिरतं. बाळांना टोचतात ती लस मृत विषाणूची असते, तिच्यामुळे फ्लू होत नाही. साधी सर्दी आहे म्हणून तारीख पुढे ढकलायचीही गरज नसते. अंगात चांगला ताप असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा डॉक्टर म्हणतील तसं.

लोक विमानातल्या हवेला घाबरतात. ती हवा हेपा फिल्टरमधून, म्हणजे अगदी बारीक कणही अडवणाऱ्या गाळणीतून, सतत गाळली जाते. मला धास्ती वाटते ती सिक्युरिटीच्या रांगेची, विमानापर्यंत नेणाऱ्या खच्चून भरलेल्या बसची आणि शेजारच्या सीटवरच्या, बाळाच्या तोंडावर खोकून वर "किती गोड!" म्हणणाऱ्या काकांची.

आणि प्रवास तर आठवड्याभराचा. परत आलो की जून तोंडावर, म्हणजे मुंबईचा पाऊस. आपल्याकडे फ्लूचा जोर पावसाळ्यात वाढतो, म्हणून बालरोगतज्ज्ञही पावसाळ्याआधी लस उरकून घ्या म्हणतात. सहलीसाठी घेतलेली लस पाळणाघराच्या जुलैतही कामाला येते.

उशीर झालाच असेल तर? निघायला दहाच दिवस उरले असले तरी पहिला डोस घेऊन टाका, दुसरा आल्यावर. मध्ये चाराऐवजी सात आठवडे गेले तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. दोन्ही डोस झाले की पुढच्या वर्षीपासून दरवर्षी एकच. मात्र तो चुकवू नका, विषाणू रूप बदलतो तशी लसही बदलते. खोक्यावर साल छापलेलं असतं, तेवढं बघून घ्या. नऊ महिन्यांची गोवराची लस त्याच सुमारास येत असेल तर दोन्ही एकाच दिवशी, वेगवेगळ्या मांड्यांत देता येतात.

एक तक्रार आहेच. महापालिकेच्या दवाखान्यात बीसीजी, पेंटाव्हॅलंट, एमआर (गोवर-रुबेला) या बाळांच्या लशी फुकट मिळतात. फ्लूची लस सरकारी वेळापत्रकात नाही, खासगीत पैसे मोजूनच घ्यावी लागते. ज्यांना तिकीटच जड जातं, त्यांना हा खर्च परवडेलच असं नाही. पण परदेशवारी करणाऱ्यांनी तरी "महाग आहे हो" म्हणू नये, एवढंच.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला घेऊन निघणार असाल तर लस घरच्या मोठ्यांनी घ्यायची. आईने गरोदरपणात घेतली असेल तर उत्तमच, तिची प्रतिकारशक्ती बाळाला मिळते. आजी-आजोबांना पटवणं त्यामानाने सोपं असतं. आमच्याकडे बाबांना "तुम्ही घेतलीत का?" विचारलं, तर ते बॅगेचं वजन करायला उठून गेले.