मलमल पिळायची नसते

सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून आज लांबलचक लिहिणार आहे.

आईची साडी लॉन्ड्रीतून आली. पांढरी मलमल, जांभळ्या बारीक बुट्ट्यांची. 1997 साली माझ्या पहिल्या पगारातून घेतलेली. होळी झाली की निघते आणि दसऱ्याला परत आत जाते, इतकी वर्षं असंच चाललंय. यंदा वैशाखात आईचं मनगट मोडलं, हाताला प्लास्टर, माझ्यामागे भाचीच्या लग्नाची धावपळ, आणि मी ती पहिल्यांदाच बाहेर धुवायला दिली. लॉन्ड्रीचं नाव लिहीत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत, कडक इस्त्रीची घडी घालून आली. आईला हल्ली नीट दिसत नाही. तिनं पदर अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून चोळला, जरा थांबली, परत चोळला. मग म्हणाली, "हिचा जीव गेला गं."

मी उलगडून बघितली. बुट्ट्या राखाडी झालेल्या. जिथं घाम मुरतो ती कमरेकडची सगळी बाजू पिवळी. आणि घडीच्या रेघेवर बोट ठेवलं तर आरपार. भोकं एक-दोन नाहीत, रेघभर.

दुकानात गेले. तो म्हणाला, "मॅडम, कापड जुनं होतं. कॉटनचं असंच असतं."

कॉटनचं असंच असतं म्हणे! अठ्ठावीस वर्षं आईच्या हातात नव्हतं ते "असंच", एका धुण्यात झालं. घामाचे डाग दिसले म्हणून ब्लीच ओतलं असणार, तेही तसंच, पाण्यात न मिसळता. वास येत होता अजून. घामाच्या पिवळ्या डागावर क्लोरीनचं ब्लीच टाकलं तर डाग जायचा सोडून आणखी पिवळा पडतो आणि सूत खाल्लं जातं, हे धुण्याचा धंदा करणाऱ्याला माहीत नसेल तर कुणाला असणार?

आता एक जुनी गोष्ट. माझ्या मैत्रिणींनी ती दहादा ऐकली असेल, अकराव्यांदा ऐका.

लातूरजवळच्या औशाच्या घरी मागच्या अंगणात आड होता आणि आडाशेजारी धुण्याचा काळा दगड. मी दहा वर्षांची. आईला मदत करायची म्हणून मी तिची धुतलेली वायलची साडी उचलली आणि सगळा जोर लावून पीळ दिला. मोठ्या बायका चादरी पिळायच्या तसा. काठाजवळ टर्रकन आवाज झाला. आता मार बसणार म्हणून मी डोळे मिटून उभी. आईनं मारलं नाही. म्हणाली, "पिळायलीस कशाला? ती काय गोणपाट हाय का? नुसतं दाब. आन् हे टोक धर." एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं तिच्या. दोघींनी मिळून साडी झटकली, एकदा, दोनदा, पाण्याचे बारीक थेंब माझ्या तोंडावर. मग ताणून, सारखी करून, कडुलिंबाच्या सावलीत वलणीवर. फाटलेला काठ तिनं त्याच दुपारी शिवला.

ओलं सूत सुक्यापेक्षा मजबूत असतं, हे मला फार पुढे कळलं. म्हणजे माझ्या पिळण्यानं साडी फाटायला नको होती. पण वायल, मलमल यांची वीणच इतकी विरळ असते की पीळ दिला की धागे एकमेकांवरून सरकतात आणि जिथं सूत झिजलेलं असतं तिथं तुटतात. आईला यातलं काही सांगता आलं नसतं. तिच्या हाताला कळत होतं.

आणि रेयॉनचं तर उलटं. बाजारात हल्ली "कॉटनसारखंच" म्हणून जे मऊ, सुळसुळीत कुर्ते मिळतात ना, त्यातले निम्मे रेयॉनचे. ते ओले झाले की त्यांचा जवळपास निम्मा जोर जातो. ते बादलीतून पाण्याच्या वजनासकट एका हातानं उचलले की खांद्याला लोंबकळतात, आणि मग आपण म्हणतो दोन धुण्यांत वाटोळं झालं. दोन्ही हातांवर आडवं घेऊन उचला ना.

लोक म्हणतात, दमट हवेची काळजी कोकणानं करावी, आपला मराठवाडा कोरडा. खरंय, मान्य, एप्रिल-मेमध्ये आमच्या लातुरात अर्ध्या तासात साडी वाळते. पण घरात काय असतं? कूलर. खोलीभर ओल फुंकणारा कूलर, खिडक्या बंद, आणि त्याच खोलीत कपाट. माणसाला गार वाटतं, कपाटातल्या कापडाला तो आषाढच. वर आपण दिवसभराचा घामेजलेला कुर्ता "एकदाच तर घातला" म्हणून परत हँगरला लावतो. मीठ, घाम, अंगाचं तेल आणि ओल, बुरशीला आणखी काय पाहिजे? महिन्यानं काखेत काळे ठिपके दिसतात. ते एकदा धाग्यात गेले की निघत नाहीत, काही केल्या निघत नाहीत. आणि आता मृग लागलाय. आभाळ भरून येतंय, पडत नाही, नुसता उकाडा. हे पंधरा दिवस पातळ कापडाला सगळ्यात वाईट.

आईचा नियम एकच होता: घाम अंगावरून उतरला की कापडातूनही त्याच दिवशी उतरला पाहिजे. साबण नसला तरी चालेल. साध्या पाण्यातून काढ आणि झटकून टाक. 2016 चा दुष्काळ आठवतो का? लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, एप्रिलमध्ये, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. अख्ख्या देशानं फोटो बघितले. त्या उन्हाळ्यात आमच्या घरी धुणं आठवड्यातून एकदा. पण आई रोज संध्याकाळी एक तांब्या पाणी मोजून घ्यायची, ब्लाउजच्या काखा आणि साडीचा कमरेकडचा भाग तेवढा बुडवायची, दाबायची, झटकायची. तेच पाणी मग तुळशीला. एका तांब्यात तिनं या मलमलीला तो उन्हाळा पार करून दिला. आणि आज, नळाला पाणी असताना, मशीन असताना, पैसे मोजून धुवायला दिली आणि ही अशी परत आली.

मशीनच्या मी विरोधात नाही. माझ्याकडेही आहे, आणि मशीननं बायकांची कंबर वाचवली हे कुणी नाकारू नये. पण जाळीची पिशवी घ्या, नाजूक कपड्यांचं बटण दाबा, पिळण्याचा वेग कमी ठेवा, जीन्ससोबत मलमल घालू नका. जीन्सची चेन एका फेरीत कुर्त्याची जाळी करते.

बोअरच्या पाण्याचंही सांगते, कारण इथं निम्म्या घरांत तेच आहे. जड पाणी. त्यात साबण फेस धरत नाही, त्याचा चोथा होतो आणि तो धाग्यात बसतो. मग पांढरं कापड करडं पडतं, मऊ कापड खरखरीत होतं, आणि आपण आणखी साबण घालतो. साबण कमी करा. चिमूटभर धुण्याचा सोडा आधी पाण्यात घाला, रंगीत नाजूक कापडाला तोही नको. शेवटच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर टाकलं तरी कापड मोकळं होतं. नीळ घालायची तर फडक्यात बांधून पाण्यात फिरवायची, पूड थेट टाकली की निळे धब्बे. पांढऱ्यावर हळद सांडली तर घाबरू नका, साबणानं धुवा आणि उन्हात टाका, हळदीला ऊनच खातं. पण तेच ऊन रंगही खातं, म्हणून रंगीत कापड उलटं करून सावलीत. आमच्या गच्चीवरचं मेमधलं ऊन दोन तासांत निळ्याचं आभाळी करतं.

खळीवरून माझं आणि बहिणीचं नेहमी वाजतं. तिला कडक साडी लागते. खळीनं साडी रुबाबदार दिसते, खरं आहे. पण खळ घातलेली साडी कपाटात ठेवू नका. तांदळाची पेज काय किंवा साबुदाण्याची खळ काय, ते अन्नच आहे, कसरीला बोलावणं. घालायच्या आदल्या दिवशी खळ करा, आणि पावसाळ्यात आत ठेवण्याआधी खळ पूर्ण काढून, कोरडी ठणठणीत करून ठेवा. वाळलेला कडुलिंबाचा पाला जुन्या फडक्यात बांधून सोबत. घडी दर महिन्याला बदला. एकाच रेघेवर वर्षानुवर्षं घडी बसली की सूत तिथंच मोडतं. आईची साडी आज तिथंच गेली ना, घडीच्या रेघेवर. ब्लीचनं कमकुवत केलं आणि कडक इस्त्रीनं मोडलं.

हे सगळं लिहिताना राग थोडा उतरला होता. पण मघाशी दारावरून शाळेची पोरं गेली आणि परत चढला.

शाळा सुरू झाल्या. एवढ्या उकाड्यात लेकरांच्या अंगावर काय? पॉलिस्टर. पॅन्ट, शर्ट, वर टाय. कापूस आपल्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास ओल सहज पोटात घेतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही घेत नाही. घाम कातडीवरच राहतो. पोरांच्या मानेला, काखेत, मांड्यांना घामोळं आणि गजकर्ण. विचारलं तर म्हणे इस्त्री लागत नाही, रंग जात नाही. अहो, रंग जात नाही म्हणून लेकराची कातडी घालवायची? परभणी, जालना, बीड, नांदेड, सगळा कापसाचा मुलूख. उदगीरला देशाच्या झेंड्याचं खादीचं कापड विणलं जातं, आमच्याच जिल्ह्यात. आणि 30 डिसेंबर 2021 ला नियम बदलून झेंडासुद्धा पॉलिस्टरचा चालेल असं ठरलं. त्या दिवशी आईला बातमी वाचून दाखवली तर ती बराच वेळ काही बोलली नाही.

रानात खुरपायला जाणाऱ्या बाईला पॉलिस्टरची साडी स्वस्त पडते, लवकर वाळते, लवकर फाटत नाही. तिला मी काही म्हणणार नाही. तिच्या जागी मीही तीच नेसले असते. पण ज्यांना परवडतं तेही "कॉटन सांभाळायला कटकट" म्हणतात, त्यांच्याशी माझं भांडण आहे. कटकट म्हणजे किती? घालून झालं की पाण्यातून काढणं, न पिळता दाबणं, झटकणं, सावलीत टाकणं. इस्त्री ओलसर असतानाच फिरवली तर दोन हातांत काम. आणि डाग असलेल्या कापडावर इस्त्री कधीच नाही, डाग कायमचा पक्का होतो. काखेला घाम थांबवणारा फवारा मारणाऱ्यांनी तो पूर्ण वाळल्याशिवाय पांढरं अंगात घालू नये, त्यातलं अ‍ॅल्युमिनियम घामाशी मिळून पिवळं करतं. एवढंच तर आहे.

लॉन्ड्रीवाल्याचाही विचार करतेय आता. त्याच्याकडे दिवसाला शे-दीडशे कपडे येत असतील. त्याला कुणी आडाजवळ उभं करून "दाब, पिळू नको" असं सांगितलं नसेल. पूर्वी आमच्या गल्लीतले परीटकाका साडी हातात घेतल्या घेतल्या सांगायचे, "वहिनी, ही भट्टीत घालत नाही, घरीच धुवा." कामाचे पैसे जायचे त्यांचे, तरी सांगायचे. या दुकानदारानंही सांगायला हवं होतं. आणि मीही द्यायला नको होती. प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून आई म्हणत होती, "राहू दी, माझा हात बरा झाला की मी धुते." मी ऐकलं नाही. हे मला लागलंय, दुकानदारापेक्षा जास्त.

दुपारी साडी परत साध्या पाण्यातून काढली. दोनदा, तिसऱ्यांदा, ब्लीचचा वास जाईपर्यंत. झटकायला दुसरं कुणी नव्हतं, आईचा डावा हात तेवढा मोकळा. म्हणाली, "आण हिकडं, एक टोक धरते मी." खुर्चीत बसून तिनं एका हातानं टोक धरलं. मी झटकली नाही, भोकं वाढली असती. नुसती ताणून धरली. उन्हाचा उजेड भोकांतून तिच्या मांडीवर पडला होता. तिला ते दिसलं नसावं.

मग ती बोटांनी चाचपत पदरापर्यंत गेली आणि म्हणाली, "पदराकडची चार हात चांगली हाय. दोन दुपटी निघतेत. तुझ्या भाचीला दिवाळीनंतर लागतीलच की, न्हाई लागली तर ठेवू. बाकीचं वाकळीत घाल, आतल्या बाजूनं."

लग्नाला दीड महिना झालाय, आणि ही दुपट्यांपर्यंत पोचली. कात्री शोधायला सांगितलीय मला. धार लावलेली पाहिजे म्हणते, बोथट कात्रीनं मलमल खेचली जाते.