साडेआठची मीटिंग

मे महिन्यात अमळनेरला गेलो होतो. सकाळी दहालाच ऊन अंगावर येत होतं आणि वहिनी माडीवरच्या खोलीत कूलरसमोर लॅपटॉप उघडून बसलेली. कंपनी हिंजवडीची. खाली दार वाजलं की हाक तिलाच: "तू ते घरच शेस ना!" कुरिअर तिनं घ्यायचं, सिलिंडर तिनं उतरवून घ्यायचं, पाहुण्यांचा चहाही तिचाच. भाऊ जळगावला जातो, म्हणून तो 'ड्यूटीवर'.

आपल्याकडे वाद एवढाच, की घरून काम होतं की माणसं झोपा काढतात. चीनमधल्या ट्रिप डॉट कॉम या प्रवास-बुकिंगच्या कंपनीने १६१२ कर्मचाऱ्यांवर केलेला प्रयोग २०२४ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापून आला. आठवड्यातले दोन दिवस घरून केल्याने काम उतरलं नाही आणि नोकरी सोडणारे एक तृतीयांशाने घटले. (उरलेले तीन दिवस ऑफिस होतंच. अमळनेरहून हिंजवडीला कोण रोज जाणार?)

मी नोकरी करतो त्या जर्मनीतल्या म्युनिकमध्ये कुठे बसता यापेक्षा कधी उठता, हे बघतात. आजचं काम संपल्यापासून उद्याचं सुरू होईपर्यंत सलग ११ तास विश्रांती, हा कायदा. काम सुटण्याच्या वेळेला 'फायरआबेंड' असा खास शब्द आहे आणि लोक निघताना एकमेकांना त्याच्या शुभेच्छा देतात. नारायण मूर्तींच्या 'आठवड्याला ७० तास काम करा' या सल्ल्यावर आमच्या घरच्या ग्रुपवर दोन दिवस हाणामारी झाली. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क मागणारं सुप्रिया सुळेंचं २०१८ चं विधेयक मात्र तिथे कुणी काढल्याचं आठवत नाही.

पण मी तरी कोणत्या तोंडानं बोलू? आमच्या टीममधले चौघे भारतात आहेत. माझी मीटिंग इथल्या पाचला, म्हणजे त्यांच्या रात्री साडेआठला, हिवाळ्यात साडेनऊला. वेळ मीच ठरवलेली. कुणाच्या तरी मागे ताटं वाजायची आणि मला ते छान, घरगुती वाटायचं. अमळनेरला एका रात्री कॉलवर अडकलेल्या वहिनीच्या ताटातली कळण्याची भाकरी गार होऊन कडक झालेली पाहिली, तेव्हा त्या ताटांचा आवाज आठवला.

परतल्यावर मीटिंग सकाळी दहाला आणली. इथल्या दोघांनी तोंडं वाकडी केली, सकाळ म्हणे त्यांच्या शांत कामाची. करू देत. वहिनीचा क्लायंट अमेरिकेतला आहे. तिचा कॉल अजून रात्री दहालाच असतो.