चेहरा कुणी, कुठे आणि कशासाठी पाहायचा : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

‘एक सजग नागरिक’ या नावाने आलेली प्रतिक्रिया मी जशीच्या तशी ठेवली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मूळ लेखात माझे म्हणणे असे होते की, ओळख पटवण्याची गरज असेल तेथे, तेवढ्यापुरता चेहरा दाखवायला सांगणे हा सुरक्षेचा नियम होय; रस्त्याने आपल्या वाटेने जाणाऱ्या बाईला चेहरा झाकला म्हणून दंड करणे हा मात्र सुरक्षेचा नियम नव्हे, ते वेगळेच काहीतरी आहे. त्यावर प्रतिक्रियाकार लिहितात की सुरक्षेला धर्म नसतो. बँकेत हेल्मेट काढावे लागते तर बुरखा का नाही. फ्रान्सने बंदी घातली आणि युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने ती उचलून धरली. श्रीलंका आणि स्वित्झर्लंड यांनीही तेच केले. आणि शेवटी हे वाक्य : ‘वातानुकूलित खोलीत बसून लेख लिहिणाऱ्या बायकांनी, ज्यांच्या खांद्यावर प्रत्यक्ष जबाबदारी असते त्यांना शहाणपण शिकवू नये.’

महोदय, मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु ज्या व्यक्तीविषयी आपल्याला काडीचीही माहिती नाही, तिची खोली, तिचे यंत्र आणि तिची जबाबदारी ही तिन्ही आपण एका वाक्यात ठरवून टाकलीत, म्हणून या वाक्याला आधी उत्तर देणे भाग आहे. (खोलीत पंखा आहे. तोही आवाज करतो.)

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते आणि निवडणुकीचे काम काय असते हे त्या नोकरीत कुणालाही चुकत नाही. मालेगावातील एका उर्दू शाळेच्या वर्गात मी मतदान अधिकारी म्हणून बसले आहे. मतदारांमध्ये बुरखाधारी स्त्रियांची संख्या मोठी असेल तेथे त्यांची ओळख पटवणे आणि बोटाला शाई लावणे ही कामे महिला अधिकाऱ्याने, आडोसा करून, त्यांची प्रतिष्ठा राखून करावीत, अशी सूचना निवडणूक आयोगाने केंद्राध्यक्षांसाठी काढलेल्या पुस्तिकेतच आहे. ही काही माझ्या कोमल मनाची उपज नव्हे. आडोसा म्हणजे काय, तर खिडकीच्या गजापासून फळ्याच्या खिळ्यापर्यंत सुतळी बांधायची, तिच्यावर कुणाच्या तरी घरून आणलेली फुलाफुलांची चादर टाकायची आणि मागे शाळेचे एक बाक ठेवायचे. बाई आत येई, चिठ्ठी आणि ओळखपत्र देई, नकाब वर करी, मी छायाचित्र पाही, चेहरा पाही, डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावी, ती नकाब खाली घेई आणि सतरा-अ नमुन्याच्या मतदार नोंदवहीत सही किंवा अंगठा करून पुढे जाई. एकीलाही मी चेहरा न पाहता सोडले नाही आणि एकीनेही तो दाखवण्यास नकार दिला नाही. सकाळी स्वयंपाक उरकून, मुले काखेत घेऊन आलेल्या त्या बाया उलट मलाच म्हणत, ‘बाई, नीट बघून घ्या, मागाहून कुणी काही बोलायला नको.’

चादरीबाहेर उमेदवारांचे मतदान प्रतिनिधी बसलेले असत. त्यांतील एकजण प्रत्येक बुरख्यावर आक्षेप घेऊ लागला. आमचे केंद्राध्यक्ष शांत स्वभावाचे. आक्षेप घ्यायचा तर नियमाप्रमाणे दर आक्षेपामागे दोन रुपये रोख भरावे लागतील आणि आक्षेप मुद्दाम घेतलेला ठरला तर ते जप्त होतील, एवढेच त्यांनी त्याला समजावून सांगितले. दोन रुपयांची नाणी टेबलावर मांडायची वेळ आल्यावर त्या गृहस्थाची सजगता ओसरली. आपल्या प्रतिक्रियेखालचे नाव वाचताना मला त्याची आठवण झाली, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

आणि एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण उघडा चेहरा म्हणजे पटलेली ओळख, असे आपण गृहीत धरले आहे. जुन्या ओळखपत्रांवरील छायाचित्रे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ठाऊक आहे की, ती पाहून त्या माणसाच्या आईनेही मुलाला ओळखले नसते. त्या दिवशी माझा सर्वाधिक वेळ गेला तो दाढी वाढवलेल्या, टक्कल पडलेल्या आणि पूर्ण उघड्या चेहऱ्याच्या पुरुषांपायी.

तेव्हा जबाबदारी कोणाच्या खांद्यावर होती, हे आपणच ठरवावे.

आपल्या बाजूचा पुरावाही मीच देते. मतदार यादीत बुरखाधारी स्त्रियांचे छायाचित्र नको, ही मागणी मद्रास उच्च न्यायालयाने २००६ मध्ये फेटाळली, आणि ते योग्यच झाले असे माझे मत आहे. पारपत्राच्या छायाचित्रात धार्मिक कारणाने डोके झाकलेले चालते, पण चेहरा स्पष्ट दिसावा लागतो; तेही योग्यच. बुरखा मला स्वतःला आवडत नाही, माझ्या मुलीने तो घातला असता तर मी भांडले असते. परंतु मला न आवडणे आणि सार्वजनिक सुरक्षेला धोका असणे या दोन गोष्टी मी एकत्र करत नाही. आपण करता.

आता फ्रान्स. आपण निकाल वाचला असता तर त्याचा दाखला दिला नसता. फ्रान्सचा कायदा ऑक्टोबर २०१० मध्ये झाला आणि ११ एप्रिल २०११ पासून लागू झाला. दंड १५० युरोपर्यंत. त्याआधी मार्च २०१० मध्ये सरकारला कायदेशीर सल्ला देणाऱ्या खुद्द तेथील राज्य परिषदेनेच कळवले होते की, सरसकट बंदीला भक्कम कायदेशीर आधार नाही. विशिष्ट ठिकाणी आणि विशिष्ट प्रसंगी ओळख पटवण्यासाठी चेहरा उघडायला लावणे मात्र समर्थनीय ठरेल. पुढे प्रकरण स्ट्रासबर्गला, म्हणजे युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाकडे, गेले आणि १ जुलै २०१४ रोजी निकाल लागला. बंदी टिकली, हे आपले म्हणणे खरे. ती कशावर टिकली, हे आपण सांगितले नाही. सुरक्षेचा युक्तिवाद न्यायालयाने स्वीकारलाच नाही : सार्वजनिक सुरक्षेला सर्वसाधारण धोका असल्याचे दाखवता आले नाही, तर सरसकट बंदी प्रमाणाबाहेरची ठरते, असे त्या निकालाच्या १३९ व्या परिच्छेदात आहे. बंदी टिकली ती समाजात एकमेकांसोबत राहण्याच्या किमान अटी राखायच्या या कारणावर, आणि तीही १७ पैकी दोन न्यायाधीशांच्या विरोधानंतर. म्हणजे सुरक्षेच्या बाजूने आपण जो साक्षीदार उभा केलात, तो सुरक्षेच्या मुद्द्यावर आपल्या विरुद्ध बोलून गेला आहे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, अर्ज करणाऱ्या त्या फ्रेंच नागरिक तरुणीने न्यायालयात काय मागितले होते? सुरक्षा तपासणीत, बँकेत किंवा विमानतळावर नकाब ठेवू द्या, असे तिने म्हटलेच नव्हते. ओळख पटवण्यासाठी सांगितले तर चेहरा दाखवायला ती तयार होती. आपला बँकेचा प्रश्न तिनेच निकालात काढला आहे, आपण तो माझ्यापुढे नव्याने ठेवलात इतकेच. पुढे मे २०२० मध्ये त्याच फ्रान्समध्ये सार्वजनिक वाहतुकीत मुखपट्टी सक्तीची झाली आणि २०१० चा कायदा जागच्या जागी राहिला, तेव्हा चेहरा न दिसण्याने धोका वाढतो हे तेथील कुणाही अधिकाऱ्याला आठवल्याचे माझ्या वाचनात आले नाही. पुण्यात डोळ्यांखेरीज काही दिसणार नाही असा स्कार्फ बांधून हजारो मुली दुचाकीवरून जातात. त्यांच्याबद्दल आपली सजगता जागी होते का, हे मी विचारणार नाही, कारण उत्तर मला ठाऊक आहे.

एक गोष्ट मान्य करते. बँकेच्या दारातील रखवालदाराजवळ चादर, बाक आणि महिला अधिकारी नसते, आणि दुपारच्या गर्दीत त्याने हे सगळे कोठून आणावे, हा प्रश्न आपण अप्रत्यक्षपणे उपस्थित केला आहे. अडचण खरी आहे. पण तिचा उपाय शाखेतील एखाद्या महिला कर्मचाऱ्याला दाराशी बोलावणे हा आहे. विमानतळावर साडी नेसलेल्या, जीन्स घातलेल्या, सगळ्याच बायकांची अंगझडती पडद्याआड महिला जवान घेते, आणि त्याला कुणी धार्मिक सवलत म्हणत नाही. बिहारमध्ये २०२५ च्या निवडणुकीत अशा ओळखीसाठी अंगणवाडी सेविका नेमण्याचे आयोगाने जाहीर केले; त्यांच्याही खोल्या वातानुकूलित नसाव्यात.

श्रीलंकेविषयी दोन वाक्ये पुरेत. तेथील बंदीला निमित्त झालेल्या एप्रिल २०१९ मधील बॉम्बस्फोटांआधी भारताने दिलेला इशारा तेथील यंत्रणांनी गांभीर्याने घेतला नाही, आणि नेगोंबोच्या चर्चमध्ये पाठीवर पिशवी घेऊन शिरणारा हल्लेखोर चित्रफितीत दिसतो तो उघड्या चेहऱ्याने. स्वित्झर्लंडमध्ये २०२१ च्या सार्वमतात ५१.२ टक्के मतदारांनी बंदी मागितली, ती २०२५ पासून लागूही झाली. पण त्यातून त्यांची नापसंती सिद्ध होते, धोका सिद्ध होत नाही. बाकीच्या मुद्द्यांत उत्तर देण्याजोगे मला काही आढळले नाही.

आपण पुन्हा लिहिणार असाल तर अवश्य लिहावे, फक्त स्ट्रासबर्गचा निकाल आधी वाचून घ्यावा; आणि सरसकट बंदीमुळे एखादी बँक, एखादे मतदान केंद्र किंवा एखादा रस्ता अधिक सुरक्षित झाल्याचे एक तरी उदाहरण द्यावे. माझ्या खोलीचे वर्णन वगळले तरी चालेल.