खुलासा : ‘रक्तगट जुळला की आठवड्यात किडनी बसते’ हे खरं नाही

घरातला दाता असेल आणि रक्तगट जुळला, तर आठवडाभरात प्रत्यारोपण होतं, असा एक मेसेज फिरतोय. यात अर्धंच सत्य आहे. जिवंत दाता असेल तर मृत दात्याच्या प्रतीक्षायादीत ताटकळावं लागत नाही, हे खरं. पण तपासण्यांनाच बहुधा काही आठवडे, कधी काही महिने जातात.

रक्तगट ही फक्त पहिली पायरी. (रक्तगटातल्या पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा इथे काही संबंध नाही!) खरी कसोटी क्रॉसमॅचची. त्यात प्रयोगशाळेत दात्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या रक्तद्रवात मिसळून पाहतात. रुग्णाच्या प्रतिपिंडांनी (अँटीबॉडीजनी, म्हणजे परक्या गोष्टींशी लढणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांनी) त्या पेशींवर हल्ला केला, तर थांबावं लागतं. आधीचं रक्त चढवणं किंवा गर्भारपण यांमुळे अशी प्रतिपिंडं तयार झालेली असू शकतात. मधल्या काळातही ती नव्याने तयार होऊ शकतात, म्हणून ही चाचणी शस्त्रक्रियेच्या तोंडावर पुन्हा करतात.

सर्वात जास्त वेळ जातो तो दात्यावर, आणि जायलाच हवा. धडधाकट माणसाच्या पोटाला कात्री लावायची आहे. एका किडनीवर त्याचं पुढे निभेल ना, किडनीच्या रक्तवाहिन्या किती, साखर-रक्तदाब कसा, कुणाचा दबाव तर नाही, सगळं पाहतात.

आणि रक्तगट जुळला नाही म्हणून लगेच हातपाय गाळू नका. दोन कुटुंबांत दात्यांची अदलाबदल करता येते.