मळू नका म्हणजे मळूच नका!

आयरिश सोडा ब्रेडला साहित्य चारच: मैदा, मीठ, सोडा आणि ताक. यीस्टची भानगड नाही, पीठ फुगत ठेवायचं नाही. एवढं ऐकून माणूस गाफील होतो आणि तिथेच फसतो. कारण आयरिश आज्ज्यांच्या हस्तलिखित चिठ्ठ्यांत प्रमाण साधारण असं असतं: पीठ पुरेसं, सोडा जरासा, ताक लागेल तसं, ओव्हन चांगला तापलेला. आपल्या 'अंदाजे' घराण्याची एक शाखा आयर्लंडातल्या कॉर्क गावीही आहे, एवढंच यातून कळतं.

तर अंदाजाचे आकडे करू. मैदा 450 ग्रॅम. आयर्लंडच्या दुकानात 'क्रीम फ्लॉवर' मागावा. सेल्फ-रेझिंग पीठ चुकूनही नको, त्यात फुगवण्याची सोय आधीच केलेली असते. मीठ एक छोटा चमचा. सोडा तेवढाच, पण सपाट. तिथे त्याला 'ब्रेड सोडा' म्हणतात, म्हणजे आपला खायचा सोडा. हात सैल सुटला तर ब्रेड पिवळट होतो आणि चवीला थेट साबण. शिवाय सोड्याची गुठळी तळहातावर चोळून मोडा आणि मगच चाळा. नाहीतर एका घासात तपकिरी ठिपका येतो आणि पाहुणे चेहरा सरळ ठेवायची पराकाष्ठा करतात.

ताक 350 ते 400 मिली. जेवणानंतर पितो ते पाणीदार ताक चालत नाही, त्यात जिरं-कोथिंबीर असेल तर देवच वाचवो. तिकडचं खोक्यातलं ताक दाट आणि आंबट असतं. ते नसेल तर आंबट दही थोडं दूध घालून सैल करा. आंबटपणा हवाच, कारण ताकातलं आम्ल सोड्याला भेटलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि त्यावरच ब्रेड फुगतो. हा वायू आपल्यासाठी थांबत नाही. म्हणून ओव्हन आधी 230 अंशांवर तापवायचा, ताक नंतर ओतायचं. फोन आला तर वाजू द्या.

आता खरी परीक्षा. बोटं ताठ फाकवून हात भांड्यात गोल फिरवायचा, पीठ जेमतेम गोळा झालं की थांबायचं. जन्मभर कणीक तिंबलेल्या हाताला हे थांबणं म्हणजे शिक्षाच. गोळा खडबडीत, चिकट, दिसायला अगदी लाजिरवाणा. हात शिवशिवतात: जरा मळू का? अजिबात नाही! मळलं की ग्लुटेनचे, म्हणजे पिठातल्या चिवट प्रथिनाचे, धागे ताणले जातात, वायू निसटतो आणि ओव्हनमधून वीट बाहेर येते. आयर्लंडच्या ओल्या हवेतला गहू मऊ, ग्लुटेन कमी. यीस्टपेक्षा सोड्याशीच त्याचं जमतं. एकोणिसाव्या शतकात सोडा घरोघरी पोचला तेव्हा बहुतेक घरांत ओव्हनच नव्हता. तीन पायांच्या बिडाच्या 'बॅस्टिबल' भांड्यात गोळा ठेवायचा, झाकणावर पीटचे (दलदलीतून खणून वाळवलेल्या जळणाचे) निखारे रचायचे आणि भाजायचा.

गोळा चार सेंटिमीटर जाड थापा आणि सुरीने खोल फुली मारा. फुलीतून पऱ्या बाहेर पडतात, नाहीतर ब्रेडला दृष्ट लागते, असं म्हणतात. पऱ्यांचं त्या बघून घेतील. माझा भर उष्णतेवर. फुली नुसती रेघ मारल्यासारखी काढली तर मधला भाग कच्चा राहतो. 230 अंशांवर 15 मिनिटं, मग 200 वर अर्धा तास. पालथा करून टिचकी मारा: पोकळ आवाज आला की झाला, 'थप्प' आला की परत आत. कवच मऊ हवं असेल तर स्वच्छ पंचात गुंडाळा. गरम असताना कापू नका, आतून चिकट निघतो. हा नियम सगळेच मोडतात.

बेदाणे घालावेत का, हा प्रश्न आयरिश घरात जपून विचारावा. कट्टर मंडळींच्या मते बेदाणे, साखर, अंडं पडलं की तो केक, त्याचं नावही वेगळं: 'स्पॉटेड डॉग'. उत्तरेकडचे लोक तर ओव्हनच्या वाटेलाच जात नाहीत; चपटा गोळा चार भागांत चिरून तव्यावर भाजतात, त्या तुकड्याला 'फार्ल' म्हणतात. पोळ्यांच्या हाताला तो जास्त जवळचा. फक्त तवा मंद ठेवा आणि लाटणं कपाटात राहू द्या.