‘दुःख कुणाला सांगू नका’ या मेसेजला माझं उत्तर

इंदूरमधल्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरून फिरून येतो : “आपलं दुःख कुणाला सांगू नका. 80 टक्के लोकांना त्याचं काही पडलेलं नसतं, 20 टक्क्यांना आनंदच होतो. जो गप्प राहतो तोच घर सांभाळतो.” खाली हात जोडलेल्यांची रांग लागते. मला हा सल्ला घातक वाटतो.

80 आणि 20 हे आकडे कुठल्या पाहणीतले नाहीत. हे वाक्य अमेरिकी फुटबॉल प्रशिक्षक लू होल्ट्झ यांच्या नावावर सांगितलं जातं. त्यावर संसार बेतू नये.

मन उघडलं की लोक कमजोर समजतात, ही भीती मात्र आपल्याला खरोखर वाटते. जर्मनीतल्या मानहाइम विद्यापीठातल्या आना ब्रुक आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये तीच तपासली. त्यांना दिसलं ते असं : मदत मागणं, चूक कबूल करणं, प्रेम आधी बोलून दाखवणं यांची आपल्याला स्वतःच्या बाबतीत लाज वाटते. तेच दुसऱ्यानं केलं तर आपल्याला त्यात धीटपणा दिसतो.

आता ‘गप्प राहिलं की घर सांभाळलं जातं’ हे. समजा, पीथमपूरच्या कारखान्यातून एखाद्याला कामावरून काढलं. तो घरी बोलत नाही, रोज डबा घेऊन निघतो आणि संध्याकाळपर्यंत कुठेतरी वेळ काढतो. बायकोला कारण ठाऊक नसतं, पण त्याचं तुटक बोलणं तिला जाणवतंच. मग ती स्वतःच कारणं शोधते : माझं काही चुकलं का? बाहेर काही चालू आहे का? खऱ्या संकटापेक्षा तिच्या मनातलं संकट मोठं होतं. 2003 मधल्या एका अमेरिकी प्रयोगात अनोळखी स्त्रियांच्या जोड्यांना अस्वस्थ करणारा माहितीपट दाखवून त्यावर बोलायला सांगितलं होतं. जिथे एकीनं भावना दाबल्या, तिथे समोरचीचाही रक्तदाब वाढला. ही तर परकी माणसं. वर्षानुवर्षं एका ताटात जेवणाऱ्यांचं काय होत असेल!

मेसेजमध्ये तथ्य आहे ते इतकंच : सगळ्यांना सगळं सांगू नये. एकाला सांगितलेली गोष्ट पुढच्या लग्नकार्यात चारचौघांत निघते, हे आपण पाहतो. घरात मारहाण किंवा धाक असेल, तर त्याच माणसापुढे मन मोकळं करण्याचं ओझं कुणावर टाकू नये. अनोळखी माणसांत जवळीक निर्माण करण्यासाठी मानसशास्त्रज्ञ आर्थर अरॉन यांनी 1997 च्या प्रयोगात वापरलेले 36 प्रश्नही साध्यापासून खोलपर्यंत टप्प्याटप्प्यानं जात होते, आणि उत्तरं दोघांनी द्यायची होती. तेव्हा आधी एक छोटी गोष्ट सांगा आणि ती कशी जपली जाते ते पाहा. “मला भीती वाटतेय. उपाय नकोय, जरा ऐक” एवढंही सुरुवातीला पुरतं.

आणि असं कुणी म्हणालं, तर लगेच “अरे, त्यात काय एवढं” म्हणू नका. त्याचं बोलणं पुरं होऊ द्या. जवळ कुणीच नसेल, तर सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलि-मानस हेल्पलाइन आहे : 14416, चोवीस तास, विनामूल्य.